घरोघरचीं बहुवारिकें

गेल्या भाद्रपदांतील गोष्ट. ज्येष्ठा गौरींच्या पूजनाचा दिवस. घरांत पहाटेपासून लगबग चाललेली. अशांत आमच्या सूनबाई माहेरून आलेली नवी साडी घेऊन आमच्यापुढें उभ्या राहिल्या व म्हणाल्या, “बाबा, ही सोवळ्यांत चालेल का? दुकानदार म्हणाला, आर्ट सिल्क आहे.” आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें असल्यामुळें धर्मशास्त्रांतील कोणतीहि शंका आमच्याकडेच यावयाची, असा घरांत संकेत पडून गेला आहे.

रेशमी मुकटा व लोंकरीची धाबळी सोवळ्यास चालते, हा नियम आमच्या आजीच्या पिढीस तोंडपाठ होता. पण ‘आर्ट सिल्क’ हें रेशीम कीं नव्हे? आम्हीं पदराचा एक सुटलेला धागा काढून निरांजनाच्या ज्योतीवर धरला. रेशमाचा धागा जळतांना केंस जळल्यासारखी घाण येते, आणि मागें बोटांत चुरडणारी राख राहते. हा धागा ज्योतीपासून मागें सरकला, वितळला, व त्याच्या टोंकाशीं काळा टणक मणि जमला. पॉलिएस्टर! रेशमाच्या किड्यानें तें स्वप्नांतहि पाहिलें नसेल. इतक्यांत खुर्चीवर बसून वाती वळणारी आमची थोरली बहीण उठून आली. तिनें तो मणि पाहिला, साडी सूनबाईंच्या हातांतून काढून घेतली, आणि “गॅसपाशीं ही नको,” एवढेंच म्हणाली. या तीन शब्दांमागें काय आहे तें योग्य स्थळीं सांगूं.

रसायनशास्त्र हा आमचा विषय नव्हे, हें आधींच कबूल करतों. मॅट्रिकनंतर आम्ही वळलों ते संस्कृत पाठशाळेकडे, आणि पुढें जन्म गेला तो शब्दरूपें व समास शिकविण्यांत. परंतु त्या काळ्या मण्यानें मनास जी रुखरुख लावून दिली, ती घालविण्यासाठीं गेले कांहीं महिने आम्ही या विषयावर जें हातीं लागेल तें वाचीत आलों. आमच्यासारख्याच ज्या वाचकांनीं व वाचक-भगिनींनीं कॉलेजची प्रयोगशाळा पाहिली नाहीं, त्यांच्यासाठीं हा लेख आहे. जाणत्यांनीं तो सोडून पुढचें पान उलटावें.

या साडीचा धागा, दुधाची पिशवी, विजेचें बटण, मोटारीचा टायर, आणि तसेंच कापूस, रेशीम, लोंकर, तांदूळ, या साऱ्या पदार्थांस शास्त्रज्ञ एकच नांव देतात: पॉलिमर. शब्द मूळ ग्रीक. ‘पॉली’ म्हणजे पुष्कळ, ‘मेरॉस’ म्हणजे भाग. स्वीडनचे रसायनवेत्ते बर्झेलियस यांनीं १८३३ सालीं तो प्रचारांत आणला, पण त्यांच्या मनांतील अर्थ आजच्याहून निराळा होता. मराठी विश्वकोशानें त्यास ‘बहुवारिक’ हा प्रतिशब्द दिला आहे, आणि तो आम्हांस मूळ शब्दाहूनहि बोलका वाटतो. ‘वार’ म्हणजे खेप. वारंवार शब्दांतला तोच. ज्यांत एकच घटक पुनः पुनः येतो तें बहुवारिक, आणि तो सुटा घटक म्हणजे ‘एकवारिक’. माळ आणि मणि, असें म्हटलें तरी चालेल.

आमच्या वैशेषिकांनीं दोन परमाणूंचें द्व्यणुक व तीन द्व्यणुकांचें त्र्यणुक सांगितलें, आणि कवडशांत तरंगणारा रजःकण म्हणजे हेंच त्र्यणुक, असें ठरवून मोजणी तेथें थांबविली. कणादमुनींस नायलॉन ठाऊक होतें असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्हांस बसावयाचें नाहीं. त्यांचा विचार तर्काचा होता, प्रयोगाचा नव्हता. पण अवयव जुळले म्हणजे अवयवी निराळाच होतो, ही चर्चा ज्याच्या कानांवरून गेली आहे, त्यास बहुवारिकाची कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं.

एक साधें उदाहरण घेऊं. एथिलीन नांवाचा वायु आहे. त्याच्या रेणूंत कार्बनचे दोन व हायड्रोजनचे चार अणु. कार्बनच्या अणूस चार हात असतात अशी कल्पना करावी. एथिलीनमध्यें दोन्ही कार्बन एकमेकांस दोन-दोन हातांनीं धरून असतात. त्यांतला एक-एक हात सोडविला, कीं मोकळा झालेला हात शेजारच्या रेणूचा हात पकडतो, तो त्याच्या शेजाऱ्याचा. आणि शाळेच्या पटांगणांत मुलें आगगाडी करतात तशी हजारों रेणूंची सांखळी पाहतां पाहतां तयार होते. हेंच पॉलिथीन. इंग्लंडांत १९३३ च्या मार्च महिन्यांत फॉसेट व गिब्सन हे दोघे रसायनज्ञ प्रचंड दाबाखालीं निराळाच प्रयोग करीत असतां पात्रांत मेणासारखा पांढरा पदार्थ सांपडला, तेथून त्याचा इतिहास सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या तारांवरील आवरण म्हणून त्याचा उपयोग झाला. भाजीच्या पिशवीचें भाग्य त्यास मागाहून लाभलें.

लांबीचा प्रताप पाहण्यासारखा आहे. दोन कार्बनांचें एथिलीन हा वायु. तशाच घडणीची वीस-तीस कार्बनांची माळ म्हणजे मेणबत्तीचें मेण. त्यावर नखाचा ओरखडा उमटतो, बोटानें तुकडा पडतो. तीच माळ हजारों कार्बनांची झाली कीं तिची बादली होते, आणि ती जिन्यावरून गडगडत खालीं गेली तरी फुटत नाहीं. असें कां व्हावें, हें आम्हांस स्वयंपाकघरांतच उमगलें. शिजलेल्या भाताचें एक शीत सहज उचलतां येतें. शिजलेल्या शेवयांच्या वाडग्यांतून एक शेवई ओढून पाहावी. तिच्याबरोबर सारा गुंता उठतो. लांब सांखळ्या अशाच एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून त्या ताण सोसतात.

ही विद्या माणसानें शिकण्यापूर्वीं अनंत काळ सृष्टि ती चालवीत आली आहे. ग्लुकोजचे रेणु एकापुढें एक जोडले, कीं पिष्ट तयार होतें. प्रत्येक सांध्यापाशीं पाण्याचा एक रेणु बाहेर पडतो. तांदूळ, गहूं, साबुदाणा यांत मुख्यतः हेंच पिष्ट. आणि त्याच ग्लुकोजचे रेणु एकाआड एक उलटे ठेवून जोडले, कीं सेल्युलोज होतें. स्वच्छ कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि त्याच्या एकेका सांखळींत दहा हजारांच्या आसपास मणि. म्हणजे पानांतील पोळी व खांद्यावरील पंचा हीं एकाच मण्यांचीं केलेलीं आहेत! ‘नदी’ व ‘दीन’ या शब्दांत वर्ण तेच, पण क्रम बदलला कीं अर्थ कोठल्या कोठें जातो. तसाच हा प्रकार. पिष्टाचा सांधा आपल्या पोटांतील पाचकरसांस सोडवितां येतो, सेल्युलोजचा येत नाहीं. गाईच्या पोटांत वास्तव्य करणाऱ्या सूक्ष्म जंतूंस तो येतो, म्हणून ती कडबा खाऊन दूध देते आणि आपण पोळी खाऊन तिला नमस्कार करतों.

रेशीम व लोंकर हीं प्रथिनें. त्यांचे मणि म्हणजे अमिनो अम्लें. हीं वीसेक जातींचीं असतात व वर्णमालेंतील अक्षरांप्रमाणें नाना क्रमांनीं गुंफलीं जातात. एका कोशांतून निघणारा रेशमाचा अखंड धागा पुष्कळदां किलोमीटरभर भरतो. तेव्हां सोवळ्याचा मुकटा आणि ओवळ्याचा पंचा हीं दोन्ही बहुवारिकेंच. नायलॉननें या पंक्तींत येऊन कांहीं विटाळ केला, असें रसायनशास्त्र मानीत नाहीं.

या सांखळ्या खरोखरीच इतक्या लांब असतात, हें मात्र विद्वानांनीं सुखासुखीं मान्य केलें नाहीं. १९२० सालीं जर्मन रसायनवेत्ते हर्मान स्टाउडिंगर यांनीं हा सिद्धान्त मांडला, तेव्हां त्या देशांतील मोठमोठे आचार्य हंसले. रबर व सेल्युलोज हे लहान रेणूंचेच पुंजके आहेत, असा तेव्हांचा रूढ समज. आपलें रबर नीट शुद्ध करा म्हणजे हा भ्रम जाईल, असा सल्ला त्यांस त्यांच्या एका थोर सहकाऱ्यानें दिल्याचें सांगतात. स्टाउडिंगर यांनीं वाद सोडला नाहीं. प्रयोगामागून प्रयोग त्यांच्या बाजूनें साक्ष देत गेले, आणि १९५३ सालीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पूर्वपक्ष व उत्तरपक्ष यांचा असा तेहतीस वर्षें चाललेला वाद आमच्या न्यायशास्त्राच्या गुरुजींस फार आवडला असता.

आतां गुणांकडे वळूं. अग्नीपुढें कोण कसा वागतो, यावरून बहुवारिकांचे दोन मोठे वर्ग पडतात, आणि गृहिणीनें लक्षांत ठेवावा असा भेद हाच. पहिला वर्ग गुळासारखा: तापविला कीं पातळ, निवला कीं घट्ट, पुन्हां तापविला कीं पुन्हां पातळ. पॉलिथीन, नायलॉन, पॉलिएस्टर, नळांचें पी. व्ही. सी. हीं या वर्गांतलीं. यांच्या सांखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण जोडलेल्या नसतात. दुसरा वर्ग मडक्यासारखा. कच्चें मडकें पाण्यांत विरतें. भट्टींत भाजलें कीं तें कायमचें मडकें, पुन्हां त्याचा चिखल होत नाहीं. या वर्गांत सांखळ्यांमध्यें आडवे दुवे पडून सारी वस्तु जणूं एकच जाळें होऊन बसते. मडकें भाजतांना पालट परमाणूंत होतो कीं सबंध घटांत, यावर वैशेषिकांचा पीलुपाक व नैयायिकांचा पिठरपाक असे दोन पक्ष आहेत. बेकेलाइटविषयीं वाचतांना आम्हांस ती सारी चर्चा आठवली आणि क्षणभर पाठशाळेच्या ओसरीवर जाऊन आलों.

बेकेलाइटचा जन्म आपल्याकडच्या लाखेमुळें झाला म्हटलें तरी चालेल. लाख म्हणजे झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यानें स्रवलेली राळ. वारणावतांतील जतुगृहांत जें जतु, तें हेंच. विजेचें युग आलें तेव्हां तारांवरील व यंत्रांतील रोधक आवरणासाठीं लाखेस अतोनात मागणी आली, आणि किडे बिचारे किती पुरणार? लाखेऐवजीं कांहीं कृत्रिम पदार्थ सांपडतो का, म्हणून मूळचे बेल्जियमचे पण अमेरिकेंत स्थायिक झालेले लिओ बेकलंड शोध करूं लागले. १९०७ सालीं फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगापासून त्यांनीं बेकेलाइट केलें. पूर्णतः माणसानें घडविलेलें हें पहिलें प्लास्टिक. आमच्या वडिलांच्या वेळचीं काळीं गोल विजेचीं बटणें व प्रेशर-कुकरच्या मुठी याच्या. लाख उष्णतेनें मऊ होते व भडकते. बेकेलाइट एकदां भाजून निघालें कीं वितळत नाहीं.

त्याआधींचें सेल्युलॉइड मात्र लाखेच्याच वळणावर गेलें. कापसावर नायट्रिक अम्लाची क्रिया करून त्यांत कापूर मिसळला कीं तें होतें. अमेरिकेंत हायट यांनीं १८७० च्या सुमारास तें बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूंस पर्याय म्हणून पुढें आणलें, आणि त्यामुळें कित्येक हत्तींचे प्राण वांचले असतील. पण मूळ बंदुकीच्या कापसाचें तें भावंड! जुन्या चित्रपटांच्या फिती याच जातीच्या. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच फितीवर उतरला होता. २००३ च्या जानेवारींत पुण्यास अशा जुन्या फितींच्या कोठारास आग लागून कितीतरी चित्रपट राख झाले.

रबराची जात या दोहोंहून किंचित् वेगळी. त्याच्या सांखळ्या वेटोळीं घालून पडलेल्या असतात. ओढल्या कीं सरळ होतात, सोडल्या कीं पुन्हां वेटोळें. पण नुसत्या चिकाचें रबर उन्हाळ्यांत चिकट व थंडींत ठिसूळ. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थानें या एका अडचणीपायीं घरदार कर्जांत बुडविलें. १८३९ सालीं गंधक मिसळलेलें रबर चुकून तापल्या शेगडीवर पडलें, आणि तें वितळण्याऐवजीं चामड्यासारखें चिवट झालें, तेव्हां त्यांस वाट सांपडली. गंधकाचे अणु सांखळ्यांमध्यें पुलासारखे बसतात, म्हणून ताणलेलें रबर आपली मूळ जागा विसरत नाहीं. असेच गंधकाचे पूल आपल्या केंसांत व मेंढीच्या लोंकरींतहि आहेत. गुडइयर १८६० सालीं वारले ते कर्जातच. त्यांच्या नांवाची टायरची कंपनी पुढें निघाली, तींत त्यांचा कांहींहि भाग नव्हता.

आतां धाग्यांकडे. अमेरिकेंतील वॉलेस कॅरोदर्स यांनीं स्टाउडिंगरांचा सिद्धान्त खरा मानून सांखळ्या जाणूनबुजून घडविण्याचा उद्योग आरंभिला. दोन जातींचे मणि घ्यावयाचे, एकाच्या दोन्ही टोंकांस हुक व दुसऱ्याच्या दोन्ही टोंकांस कडी, म्हणजे माळ आपोआप वाढत जाते. १९३५ च्या फेब्रुवारींत त्यांच्या हातून नायलॉन तयार झालें. वितळलेला रस बारीक छिद्रांतून काढून धागा केला व तो थंड झाल्यावर ओढला, तर मूळच्या कित्येक पट लांब होतो. ओढण्यानें सांखळ्या एका दिशेनें रांगेंत बसतात आणि धाग्यास विलक्षण बळ येतें. १९४० सालीं अमेरिकेंत नायलॉनच्या मोज्यांसाठीं बायकांची झुंबड उडाली. ती पाहण्यास कॅरोदर्स नव्हते. मनोव्याधीनें ग्रासलेल्या या गृहस्थानें १९३७ सालीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, स्वतःच्या हातानें जीवन संपविलें. पुढें १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन यांनीं पॉलिएस्टरचा धागा काढला, आणि आमच्या तरुणपणीं ज्या टेरिलीन-टेरीकॉटनें सारा मध्यमवर्ग वेडा केला, तें त्याचेंच कूळ. हे धागे पाणी फारसें शोषीत नाहींत. म्हणून धुतलेलें वस्त्र तासाभरांत वाळतें, आणि म्हणूनच वैशाखांत अंगावर घाम तसाच राहतो.

हे धागे गुळाच्या वर्गांतले आहेत हें आमच्या घरानें कसें जाणलें, तें आतां सांगावयाचें.

१९७४ ची दिवाळी. आम्ही तेव्हां चौदा वर्षांचे. ताईचें लग्न नुकतेंच झालें होतें आणि पहिल्या दिवाळसणास ती व मेहुणे आले होते. मेहुण्यांनीं तिला मुंबईहून नायलॉनची फिकट आकाशी साडी आणली होती. वजनास फुलासारखी, इस्त्रीची जरूरच नाहीं. आळींतल्या बायका ती हातांत धरून पाहून गेल्या. पाडव्याच्या सकाळीं ती साडी नेसून ताई चहासाठीं स्टोव्ह पेटवीत होती. पंप आम्हीं मारून दिला होता; तो जरा अधिक मारला गेला असावा, असें आम्हांस आजतागायत वाटतें. स्टोव्हनें भडका घेतला आणि पदर त्यावर गेला. सुती वस्त्रहि पेटतें, भराभर पेटतें. पण तें अंगाला चिकटत नाहीं, ओढून फेकतां येतें. नायलॉन अडीचशे अंशांच्या आसपास वितळतें, आणि तो तापलेला रस कातडीला धरून बसतो. आई साडी ओढूं लागली तर तिच्याहि हातांस चटके बसले. इतक्यांत आजी देवघरांतून धांवत आली. तिनें वळणीवरची सोवळ्याची धाबळी ओढली, ताईच्या अंगावर टाकली, आणि तिला तशीच कवटाळून जमिनीवर लोळविलें. लोंकर सहसा ज्योत धरीत नाहीं, करपून विझते. हें शास्त्र आजीस ठाऊक नव्हतें. हातापाशीं जें जाड वस्त्र होतें तें तिनें घेतलें.

ताई वांचली. इस्पितळांत दोन महिने गेले. डॉक्टर चिमट्यानें तो चिकटलेला पदर काढीत तेव्हां आम्हांस दाराबाहेर उभें करीत. दार पातळ होतें. तेव्हांपासून ताई मनगटापर्यंत बाहीचें पोलकें घालते. मेहुणे गेल्यास आतां सहा वर्षें झालीं, पण हयातीभर त्यांनीं पुन्हां तिच्यासाठीं साडी स्वतः निवडून आणली नाहीं. आजीनें ती धाबळी पुन्हां सोवळ्यास घेतली नाहीं आणि टाकूनहि दिली नाहीं. करपलेल्या कडेसह ती आमच्या ट्रंकेंत आहे.

म्हणून आमचें आग्रहाचें सांगणें: गॅस, समई, फटाके यांच्याजवळ वावरतांना सुती वस्त्र असावें, पदर खोचलेला असावा, आणि लहान मुलांना चकचकीत झग्यांत ज्योतीजवळ जाऊं देऊं नये. पेटलेंच तर धांवूं नये, लोळावें. चिकटलेलें वस्त्र ओढूं नये, वर थंड पाणी ओतीत राहावें व डॉक्टर गांठावा.

इतकें सांगून नायलॉनचा व त्याच्या भावकीचा आम्ही धिक्कार करूं, असें वाचकांस वाटेल. तसें करतां येत नाहीं, कारण हा लेख आम्ही ज्या डोळ्यानें लिहीत आहों, त्यांतहि बहुवारिक आहे. चार वर्षांपूर्वीं उजव्या डोळ्यांत मोतीबिंदु पिकला. पोथी तर राहोच, वर्तमानपत्राचे मथळेहि दिसेनात. शस्त्रक्रियेंत गढूळ झालेलें नैसर्गिक भिंग काढून अ‍ॅक्रिलिकचें इवलेंसें भिंग बसविलें गेलें. यामागची कथा ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धांत लढाऊ विमानांची झडप अ‍ॅक्रिलिकची असे. ती फुटून तिचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. परका कण डोळ्यांत गेला तर डोळा बहुधा सुजतो. हे कण मात्र वर्षानुवर्षें आंत राहूनहि डोळा शांत, हें लंडनचे नेत्रवैद्य हॅरॉल्ड रिडली यांनीं हेरलें. २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं त्यांनीं त्याच पदार्थाचें भिंग एका रुग्णाच्या डोळ्यांत बसविलें. समव्यवसायिकांनीं त्यांची पुष्कळ काळ निर्भर्त्सना केली. आज तसलें भिंग घडी घालून दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रांतून आंत सोडतात, तेथें तें उलगडतें. मदुराईस १९९२ सालीं सुरू झालेल्या ऑरोलॅबनें हीं भिंगें स्वस्त करून गोरगरिबांच्या आटोक्यांत आणलीं. पट्टी निघाल्यावर आम्हीं पहिल्यानें पाहिलें तें आमच्याच अमरकोशाच्या पुठ्ठ्यावरचें झुरळ, हा योगायोग.

डोळ्यानें त्या भिंगास त्रास दिला नाहीं, याचें कारण शरीरांतील रसांस त्या सांखळीचा सांधा सोडवितां येत नाहीं. मातींतील जंतूंसहि तो येत नाहीं, आणि सारी अडचण येथें सुरू होते. कापसाची चिंधी पुरली तर कांहीं महिन्यांत माती होते, कारण सेल्युलोज खाण्याची विद्या जंतूंस कोट्यवधि वर्षांची अवगत आहे. पॉलिथीन त्यांच्या दृष्टीनें कालचें. जपानांत पॉलिएस्टरच्या जातीच्या बाटल्या खाणारा एक जंतु सांपडल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें, पण जगांत दरसाल चाळीस कोटि टनांहून अधिक प्लास्टिक निघतें. तो बापडा किती खाणार? २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हां मुंबई बुडण्याच्या कारणांत गटारांत अडकलेल्या पिशव्याहि होत्या. महाराष्ट्र सरकारनें मार्च २०१८ मध्यें पिशव्या व थर्मोकोल यांवर बंदी घातली. एकदां वापरून फेंकावयाच्या कांहीं वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. थर्मोकोलचें मखर गेलें, याचें आमच्या नातवास वाईट वाटलें. आम्हांस वाटलें नाहीं.

घरांत करण्यासारखें थोडें आहे, पण तें सोपें आहे. भांड्याच्या तळाशीं त्रिकोणांत आंकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचें पॉलिएस्टर, २ व ४ म्हणजे कठीण व मऊ पॉलिथीन, ३ पी. व्ही. सी.; ५ पॉलिप्रॉपिलीन; ६ थर्मोकोलचें कूळ. हीं गुळाच्या वर्गांतलीं असल्यानें, धुवून निराळीं ठेवलीं तर पुन्हां वितळवितां येतात. एकत्र खरकट्यांत टाकलीं तर कोणाच्याच उपयोगाचीं नाहींत. दुधाच्या पिशवीचा कोपरा पुरता कापून टाकूं नये, पिशवीलाच लोंबता ठेवावा. तो इवलासा तुकडा कोणी वेंचीत नाहीं. आणि बंबांत प्लास्टिक जाळूं नये. हें आम्ही अनुभवानें सांगतों, कारण कित्येक वर्षें आम्हींच तें जाळलें. पी. व्ही. सी. च्या वजनांत निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो, आणि जळतांना त्यांतून विषारी वायु निघतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत, जेथें गोव्याच्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांनीं बहुवारिकांच्या अभियांत्रिकींत मोठें काम केलें, पूर्वीं नोकरीस असलेल्या एका स्नेह्यानें आमच्या अंगणांतला तो धूर पाहिला आणि चहा न घेतांच परत जाण्याची धमकी दिली, तेव्हां आमचे डोळे उघडले.

त्या गौरीपूजनाच्या दिवशीं निकाल काय लागला, तें सांगावयाचें राहिलें. धर्मशास्त्राचा आधार आम्ही शोधीतच होतों. तोंवर ताईनें कपाटांतून आपली जुनी सुती नऊवारी काढली, आणि सूनबाईंस ती नेसवून देऊन स्वतः पदर खोचून दिला. सोळा भाज्यांचा नैवेद्य त्या वस्त्रावर झाला. संध्याकाळीं हळदीकुंकवास बायका जमल्या, तेव्हां सूनबाई ती नवी साडी नेसून माजघरांत वावरत होत्या. ताईनें समई उचलून वरच्या कोनाड्यांत ठेवली, साडीचा पदर दोन बोटांत धरून पाहिला, आणि रंग छान आहे म्हणाली.